वीस ठोकळे

कडाव, २८ जानेवारी २०२५

माधवी,

आपल्या शाळेच्या पत्र्याखाली चौथीची बत्तीस पोरं एका सुरात कविता म्हणायची, तेव्हा शेवटचा शब्द पत्र्याला लागून परत यायचा. पोरं गप्प झाली तरी पत्रा अर्धा क्षण म्हणतच राहायचा. तू दुसऱ्या बाकावरून मुद्दाम तो शब्द लांबवायचीस, पत्र्याला हरवायला. मी टेबलावर छडी आपटायचो आणि मनातून खूश व्हायचो.

लिहायला बसलो होतो दाताबद्दल, आणि पेन निघालं शाळेकडे. माझं हे असंच होतं. तुझी आई म्हणायची, यांना मीठ आणायला पाठवलं तर समुद्रावरची कविता घेऊन येतील.

तर दात. वरचा, समोरचा, उजवीकडचा. इतकी वर्षं कडक ब्रशने घासघासून हिरडीजवळ खाच पडली होती. गार पाणी लागलं की कळ डोळ्यापर्यंत जायची. कर्जतला स्टेशनजवळ डॉ. जितेश म्हणून एक नवे आलेत. त्यांनी दिवाळीआधी खाच भरली. आठव्या दिवशी भरलेलं सुटलं. परत भरलं. ते संक्रांतीला तिळाच्या वडीबरोबर पोटात गेलं. तिसऱ्यांदा भरलं आणि परवा सव्वीस जानेवारीला शाळेत मला जुनी कविता म्हणायला बोलावलं. तिसऱ्या कडव्यात ते जिभेवर आलं. समोर सरपंच, मुलं, झेंडा. थुंकता येईना, गिळवेना. गालात धरून पुढे म्हणायला गेलो तर थंड वारा दाताला लागला आणि पुढची ओळच गेली. मी, बाय, ओळ विसरलो. पोरं हसली. एका मास्तरीणबाईंनी मागून ओळ सांगितली, त्याचा मला जास्त राग आला.

डॉक्टर म्हणतात, "काका, खालचं सिमेंट जागेवर आहे, वरचं सुटलंय." तीनदा हेच ऐकलं. जोतं शाबूत आणि छप्पर उडालं हे मला कौतुकाने काय सांगता? धाकलू दूध घालायला आला तर वर तोही उपदेश करतो. "उपटून टाका ना वो गुरुजी. आमच्या म्हातारीनं समदे उपटले, आता हिरडीवर चणं खाते."

तुझा तर अभ्यासच याच्यावर होता. खाली सिमेंट, वर दाताच्या रंगाचा मसाला, आणि ते दोन एकमेकांना किती घट्ट धरतात हे यंत्रावर ओढून बघायचं. तेव्हा तू मला वाटी आणि बशी घेऊन समजावलं होतंस. मला निम्मं कळलं होतं. आता विचारायला दुसरं कोण आहे? जुन्या गोष्टी काढायच्या नाहीत. फक्त दाताचं सांग.

माझा फोन तू उचलत नाहीस, ते ठीक आहे. शेजारच्या रूपाचा नंबर खाली लिहिला आहे. तिच्या फोनवर दोन शब्द पाठवलेस तरी ती वाचून दाखवेल. केतनरावांना नमस्कार. हुबळीत थंडी आहे का?

बाबा


कडाव, ११ फेब्रुवारी

माधवी,

रूपा धावतच आली. हातात फोन, पदराला कणीक. म्हणाली, गुरुजी, माधवीताईचा मेसेज. मला चष्मा सापडेना. मग तिनेच मोठ्याने वाचलं: "खालचं सिमेंट कोणतं आहे ते डॉक्टरांना विचारा. आणि बाँड लावायच्या आधी ते ओलं होतं की कोरडं केलं, तेही."

पुढे काही नाही. बाबा नाही, कसे आहात नाही. बारा वर्षांनी लेकीची दोन वाक्यं आली तीही सिमेंटची. रूपाला वाटलं अजून काही असेल, ती बोटाने पडदा वरखाली करत राहिली. तिची मला दया आली.

पण मी ती वाक्यं कागदावर उतरवून कर्जतला गेलो. डॉक्टर आधी हसत होते. कागद वाचल्यावर खुर्चीत सरळ बसले. विचारलं, "हे कोणी लिहिलंय?" म्हटलं, माझी मुलगी, दातांची डॉक्टर आहे. हे वाक्य मी कितीतरी दिवसांनी कुणापुढे उच्चारलं. ते म्हणाले, बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय त्यांनी.

मग पहिल्यांदा त्या माणसाने मला नीट सांगितलं. खालच्या सिमेंटच्या अंगात पाणी असतं म्हणे. ते दाताला धरतं ते त्या पाण्याच्याच जोरावर. त्याच्यावर चिकटवायच्या बाँडचा पातळ हात द्यायचा आणि मग वरचा मसाला. हिरडीतून ओल आली, लाळेचा थेंब लागला, तरी वरचं धरत नाही. माझी हिरडी सुजलेली, तिथून ओल येत होती, आणि ती घालवायला ते हवेचा फवारा मारत राहिले.

"तिथेच चुकलं माझं," ते म्हणाले. "सिमेंट फार कोरडं केलं की त्याला बारीक बारीक भेगा जातात. डोळ्याला दिसत नाहीत. वरचा थर मग त्या भेगाळलेल्या सिमेंटला धरून बसतो आणि जरा जोर आला की सुटतो."

मी विचारलं, मग परत पाणी लावायचं? ते म्हणाले, "नाही ना काका. एकदा वाळून भेगा पडल्या की नंतर कितीही पाण्यात ठेवा, त्या मिटत नाहीत."

त्यांनी हिरडी बरी व्हायला दहा दिवसांचं औषध दिलं आणि नंतर बोलावलं. मी बाहेर आलो. भिवपुरीकडची रिक्षा भरत होती, माझी नव्हती, तरी मी तिच्यात जाऊन बसलो. रिक्षावाल्याने विचारलं, गुरुजी, इकडं कुठं? तेव्हा उतरलो.

पुढचं आज लिहवत नाही. तब्येत बरी आहे.

बाबा


कडाव, २० फेब्रुवारी

माधवी,

दहा दिवसांत चार कागद फाडले. आता सरळ लिहितो.

दोन हजार अकराचा मे. तुझं हॉस्टेल सुट्टीत बंद होणार म्हणून तू दोन डबे घरी आणले होतेस, एक हिरव्या झाकणाचा आणि एक निळ्या. प्रत्येकात वीस ठोकळे. प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात खाच, खाचेत सिमेंट, सिमेंटवर मसाल्याचा बुटका खांब. हिरव्यात एका जातीचं सिमेंट, निळ्यात दुसऱ्या. मागे सुईने कोरलेले आकडे. सहा महिने पाण्यात ठेवायचे होते, तोंडात दात राहतो तसे, आणि पाणी आठवड्याला बदलायचं. पाण्याचा कॅनसुद्धा तू कॉलेजातून आणला होतास. विहिरीचं चालत नाही म्हणालीस, तेव्हा आईने नाक मुरडलं होतं.

मग तू भाविकाच्या लग्नाला दोन दिवस साजगावला गेलीस.

मी डबे कपाटावर ठेवायला उचलले. हिरवा उघडून पाहिला. पाणी गढूळलेलं, वास येत होता. तू भातशेतकऱ्याच्या घरातली आहेस, तुला माहीत आहे आपल्याकडे काय शिकवतात. दाणा असो, डाळ असो, भांडं असो, ओलं ठेवायचं नाही. ओलं राहिलं की बुरशी. कणगीत भात टाकायच्या आधी दाताखाली दाणा फोडून बघायचा, कट् आवाज आला तर वाळला. माझ्या बापाने मला हे शिकवलं, मी तुला शिकवलं. मला वाटलं, पोर घाईत गेली, तिचं काम कुजेल.

मी ते वीस ठोकळे धुतले, फडक्याने पुसले आणि सुपात मांडून अंगणात उन्हाला ठेवले. आईचं कुरडयांचं ताट शेजारी. चार ओळी, ओळीत पाच, प्रार्थनेला पोरं उभी करतात तसे. इतके छान दिसत होते की मी दोनदा जाऊन बघून आलो. निळा डबाही उघडायला घेतला होता, पण त्याचं झाकण घट्ट, माझी नखं चालेनात, तेवढ्यात जेवायला हाक आली. म्हणून निळा वाचला.

संध्याकाळी आईने पाहिलं. ती म्हणाली, पोरगी पाण्यातच ठेवा म्हणाली होती ना वो? तेव्हा मी घाबरलो, ठोकळे परत डब्यात घातले, कॅनमधलं नवं पाणी ओतलं, झाकण लावलं. तू आलीस, पाणी बघितलंस, म्हणालीस, अरे वा, बदललं वाटतं. मी हो म्हटलं. तेवढंच.

नोव्हेंबरात तू ते यंत्रावर लावलेस. निळ्यातले जोर लावल्यावर सुटले. हिरव्यातले सुटायला वेळच लागला नाही, पाच-सहा तर हात लावताच. तुझ्या गाईड टिपणीस मॅडमनी विचारलं, हे सहा महिने पाण्यातच होते का? तू म्हणालीस, एक दिवसही पाण्याबाहेर नव्हते. मॅडमना ते पटलं नाही. त्यांनी सगळ्यांसमोर तुला खोटी ठरवलं. प्रबंध परत गेला, वर्ष गेलं, कॉलेजात शिकवायची जागा मिळणार होती तीही दुसरीला गेली.

तुला दुसरं काय हवं होतं आयुष्यात? शिकवायचंच होतं. लहानपणी तू कोंबड्यांना फळा दाखवायचीस.

डॉ. जितेशनी भेगांचं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की ते माझ्यामुळे झालं. तोवर मला माहीत नव्हतं. मी निरक्षर नाही, पण हे माझ्या पुस्तकात नव्हतं. आता जे म्हणायचं ते म्हण. रूपाच्या फोनवरही चालेल, मी तिला सांगेन कान बंद करून वाच म्हणून.

दात उद्या भरणार आहेत.

बाबा


कडाव, ३ मार्च

माधवी,

मेसेज आला. "आईला माहीत होतं का?"

रूपाने वाचला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. कपबश्या उचलून निघून गेली, त्या आमच्याच होत्या, संध्याकाळी परत आणून दिल्या.

मागच्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं. तुला ते सापडलं असणार, म्हणूनच तू हा प्रश्न विचारलास. डॉ. जितेशनी मला कारण सांगितलं, भेगांचं. चूक कुणाची ते मला आधीच माहीत होतं.

पुढच्या गणपतीत तू घरी येऊन सगळं सांगितलंस. मधल्या खोलीत, आरास चालू होती, तू पाटावर बसून रडत होतीस. तू "पाण्याबाहेर" म्हणालीस. मला सुपातल्या चार ओळी दिसल्या. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी आवाज चढवला. काय म्हणालो ते तुला पाठ असेल, मलाही आहे. "मॅडम उगाच कशाला बोलतील? लहानपणापासून धांदरट तू. तुझ्याच हातून काहीतरी झालं असेल." आई दारात उकडीचं पातेलं घेऊन उभी होती. तिने ते पातेलं खाली ठेवलं.

तू बॅग भरलीस. गणपती बसायचा होता आणि तू निघालीस. तेव्हापासून तू एकदाच आलीस, आईच्या दिवसकार्याला, आणि तेव्हाही उतरलीस खोपोलीला मावशीकडे.

त्या संध्याकाळी तुझी आई मला म्हणाली, "तुमी सांगा, नायतर मी सांगते." मी तिला शपथ घातली. गावात चाळीस वर्षं मला गुरुजी म्हणतात, मी फळ्यावर रोज सुविचार लिहिला, त्यातला निम्म्या दिवसांचा खरं बोलण्यावर. आता लेकीपुढे काय तोंड दाखवू, असं म्हणालो. ती म्हणाली, "लेकीपुढंच तर दाखवायचं हाय." पण तिने शपथ पाळली. त्यानंतर तिने अंगणात कधी कुरडया घातल्या नाहीत. विकतच्या आणायची. मी विचारलंही नाही का.

जायच्या आधी आठवडाभर ती बोलायची ते तुटक. एकदा म्हणाली, "माधवीला." एवढंच. मी म्हटलं हो, फोन करतो. मी तुला फोन केला आणि सांगितलं, आई आठवण काढते. ती आठवण काढत नव्हती, बाय. ती मला सांगत होती.

तर हो. तिला माहीत होतं. तिच्यावर राग धरायचा नाही. ती बोलली नाही ती माझ्यामुळे.

मला कविता इतक्या पाठ आहेत की एखादी या ठिकाणी आपोआप येते. आज मी तिला बाहेर उभी केली आहे.

आणखी एक केलं. टिपणीस मॅडमना पत्र लिहिलं, तुझ्या कॉलेजच्या पत्त्यावर. सगळं लिहिलं, हिरवा डबा, सूप, पुसायचं फडकं. सही करून खाली "निवृत्त प्राथमिक शिक्षक" लिहिलं आणि मग ते खोडलं. कॉलेजात फोन केला तर एक कारकून म्हणाला, त्या सात वर्षांपूर्वीच निवृत्त झाल्या, पत्ता आमच्याकडे नाही, टपाल आलं तर बघू. बघू म्हणजे काय? मी त्याला दोनदा विचारलं. त्याने फोन ठेवला.

बाबा


कडाव, १९ मार्च

माधवी,

सोळा दिवस झाले. पोस्टात जाऊन विचारून आलो, तिथली मुलगी म्हणाली, हुबळीला चार दिवस पुरेत. म्हणजे तुला मिळालं आहे. उत्तर द्यायचं नसेल तर तसं तरी कळव, असं लिहिणार होतो. पण ते मागायचा मला काय अधिकार आहे? तरी चिडचिड होते. सकाळी रूपावर ओरडलो, तिच्या फोनची बॅटरी संपली होती म्हणून. ती म्हणाली, "गुरुजी, ताईनं मेसेज केला तर तो चार्जिंग झाल्यावर पण येतो हो." बरोबर बोलली. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आणि तिने मला समजावलं.

दात टिकलाय. सव्वीस दिवस. डॉक्टरांनी या वेळी कापसाच्या गुंडाळ्या ठेवल्या, सिमेंट घट्ट होईस्तोवर थांबले, हवा अगदी लांबून मारली. तुझा कागद त्यांनी स्वतःजवळ ठेवून घेतला. मला दात टिकल्याचा आनंद व्हायला हवा. उलट रोज सकाळी जीभ तिथे लावून बघतो आणि घट्ट लागला की राग येतो. इतकं सोपं होतं तर.

काल शाळेतल्या बाई आल्या होत्या. मुलांना कविता शिकवायला आठवड्यातून एक दिवस या म्हणतात. मी नाही म्हटलं. मला वर्गात उभं राहावंसं वाटत नाही. त्यांना वाटलं दाताचं आहे, म्हणाल्या, बसून शिकवा. मी त्यांना काय सांगू?

मला तू परत यायला हवी आहेस, हे मी पाच पत्रांत एकदाही लिहिलं नाही. आता लिहिलं. पण त्याआधी तुझ्यावरचा तो खोटेपणाचा शिक्का जायला हवा, आणि तो माझ्या हातात नाही. जिने मारला ती कुठे आहे ते कारकुनालाही ठाऊक नाही. मी एकट्याने घरातल्या घरात तुला खरी म्हणून काय उपयोग? बापाचं कोण धरतं?

इथपर्यंत लिहून पाकिटाला डिंक लावला होता. पाकीट फोडून पुढचं लिहितो आहे, म्हणून कागद फाटका आहे.

अकराच्या सुमारास दाराशी रिक्षा थांबली. मला वाटलं, शाळेतल्या बाई पुन्हा आल्या. उघडलं तर काठी टेकत एक बाई उभ्या. केस पांढरे, कापलेले. गुडघा आखडलेला, पायरी चढताना धाकलूने हात दिला. तो दुधाची किटली धरून बघतच राहिला. मी बाईंना कधी पाहिलेलं नव्हतं.

"माधवीचे वडील ना?" त्यांनी विचारलं. "मी रोहिणी टिपणीस. तुमचं पत्र कॉलेजातल्या शिपायाने घरी आणून दिलं. परवा मिळालं."

मी या म्हणालो की नाही, आठवत नाही. त्यांनी चपला काढल्या नाहीत, आतही आल्या नाहीत. पिशवीतून एक जुनी वही काढली आणि उभ्यानेच विचारलं, "उन्हात किती तास होते?"

"सकाळी दहाला ठेवले," मी म्हटलं. "उन्हं कलल्यावर काढले. पाच तरी वाजले असतील."

"मे महिन्यात. सात तास."

"हो."

त्यांनी वहीतली पानं उलटली. एका पानावर बोट ठेवून बराच वेळ वाचत राहिल्या. मग काठी भिंतीला लावली आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. गुडघा दुखत असणार, तरी बसल्या.

"मग ती खरं बोलत होती," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्यांचं आहे, बाय, माझं नाही. धाकलूनेही ऐकलंय. मी त्यांना पाणी द्यायला आत आलो आणि आधी हे लिहून घेतलं, शब्द बदलायला नकोत म्हणून. त्या अजून उंबऱ्यातच बसल्या आहेत. तुझा नंबर मागतायत. मी म्हटलं, तिला विचारल्याशिवाय देणार नाही.